चारावर चार

माझं लग्न ठरत होतं तेव्हा अप्पांनी एकच गोष्ट सांगितली होती. "केतू, मुलाचा पगार, घर, बापाची शेती हे सगळं बाकीचे विचारतीलच. तू फक्त एवढं विचार, त्याच्या आईची आई कुणाची, आणि तिची आई कुणाची." मला साडीचं ब्लाऊज शिवायला टाकायचं होतं, टेलर दुकान बंद करायच्या आत. मी चप्पल घालता घालता म्हटलं, "अप्पा, मी घोडी नाहीये." ते हसले. हसून झाल्यावरही दारापर्यंत माझ्याकडे बघत आले.

घोडी का म्हटलं ते सांगायला हवं. माझे वडील, मधुकरराव नाईकनवरे, शर्यतीच्या घोड्यांच्या वंशाचे जाणकार होते. पुण्याच्या आसपास ज्यांचे स्टड फार्म आहेत, म्हणजे जिथं शर्यतीचे घोडे पैदा करतात, ते मालक हंगामाच्या आधी आमच्या बैठकीत येऊन बसायचे. कुठली घोडी कुठल्या घोड्याला दाखवायची, एवढाच प्रश्न असायचा. मालकांना नेहमी नावाजलेला घोडा हवा असायचा. अप्पा घोड्याबद्दल फारसं बोलायचेच नाहीत. घोडीची आई, तिची आई, तिच्या आईची आई, असं मागंमागं जायचे, डोळे मिटून, आणि मध्येच कुठंतरी थांबून म्हणायचे, इथं जपा. "घोडा दिसतो, घोडी उरते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आई म्हणायची, ह्यांना माझा वाढदिवस आठवत नाही, पण विलायतेहून आलेल्या घोडीची खापरपणजी कुठं लंगडली ते आठवतं.

रेवा जन्मायच्या आधीच अप्पा पोटाच्या कॅन्सरने गेले. त्यांनी तिला पाहिलं नाही.

रेवा आता दीड वर्षाची आहे. दिवाळीनंतर एकदा माझ्या हातून स्टीलचं ताट फरशीवर पडलं, आणि शेजारी उभी असलेली रेवा खाली बसली. बसली म्हणजे, उभी होती ती नव्हतीच. ओठ निळे, मान एका बाजूला. मी उचललं, हलवलं, आणि ती परत आली, जणू कुणी मध्येच पान उलटलं होतं आणि पुन्हा मागं आणलं. डॉक्टर म्हणाले, काही मुलं रडताना श्वास धरून ठेवतात, मोठी झाली की जातं. मी म्हटलं, ती रडली नव्हती. त्यांनी मान डोलावली, काळजी करणाऱ्या आयांसाठी डोलावतात तशी.

मग एकदा दारावरची बेल वाजली तेव्हा तसंच झालं. तेव्हापासून मी बेलची वायर काढून ठेवली आणि बाहेर चिठ्ठी लावली, कृपया फोन करा. सासूबाई म्हणाल्या, "आता पाहुण्यांनी काय, खिडकीतून यायचं?" विक्रांत, माझा नवरा, कामावरून आल्यावर मला रेवाच्या पाठीवर हात ठेवून बसलेली बघायचा आणि म्हणायचा, "अगं, ती झोपलीय, परीक्षेला नाही बसलेली." दोघंही वाईट नाहीत. त्यांना वाटायचं, पोरीला काही झालेलं नाही, झालंय ते मला. रात्रीची मी झोपत नव्हते, हे तर खरंच होतं.

त्या दिवशीची ही गोष्ट आहे. जशी झाली तशी सांगते.

दुपार आहे. रेवा झोपली आहे, मी तिच्या शेजारी आडवी, हात तिच्या पाठीवर. बाल्कनीत वॉशिंग मशीन शेवटचं पिळून काढतंय. त्याचा आवाज लांब जातो आणि परत येतो, आणि येतो तेव्हा तो टापांचा असतो. मला माहीत आहे की ते मशीन आहे. मी स्वतःला सांगतेसुद्धा, मशीन आहे, कपडे काढायला हवेत, नाहीतर चुरगळतील. टापा वळण घेतात.

रेवा पडू नये म्हणून पलंगाला कठडा लावलाय. त्यावर कुणीतरी कोपरं टेकून उभं आहे. मी डोळे अर्धेच उघडते. कठड्याची वरची कड दातांनी कुरतडलेली आहे, कंटाळलेले घोडे दाराचं लाकूड कुरतडतात तशी. आमचा कठडा प्लॅस्टिकचा आहे.

"झोपली का?" अप्पा विचारतात. व्यायलेल्या घोडीजवळ बोलायचे त्या आवाजात, खालच्या.

"आत्ताच."

"आणि तू?"

"मला कळत नाहीये," मी म्हणते.

ते मान हलवतात, जणू हे उत्तर त्यांना चालतं. अंगात शर्यतीच्या दिवशी घालायचे तो तपकिरी कोट आहे, डोक्याला फेल्ट हॅट, आणि पायात दवाखान्यातल्या निळ्या स्लीपर. फरशीवर पेंढा पसरलाय. मला आधी वाटतं, सासूबाई काय म्हणतील, आणि मग एकदम भीती वाटते, कारण अप्पा माझ्याकडे बघत नाहीयेत. ते रेवाचे पाय बघताहेत.

शिंगरू बघायला गेले की ते असंच करायचे. आधी खूर, मग घोटे, मग गुडघे, छाती. तोंड सगळ्यांत शेवटी. तोंडावर जीव बसतो, म्हणायचे, आणि मग खोट दिसत नाही.

"अप्पा, नात आहे तुमची. तोंड बघा की तिचं."

"बघणारे," ते म्हणतात. "आत्ता नाही."

त्यांची नजर तिच्या छातीवर येऊन थांबते. फ्रॉकचं कापड वरखाली होतंय. ते इतका वेळ बघतात की मीही बघायला लागते, आणि मला कळेनासं होतं की कापड हलतंय की माझीच नजर.

"दे तिला इकडं," अप्पा म्हणतात आणि दोन्ही हात पुढं करतात.

माझी आई लहानपणापासून सांगत आली आहे. गेलेलं माणूस स्वप्नात आलं तर बोलावं, पाणी द्यावं, कुठं आहात कसे आहात विचारावं, पण त्यानं काही मागितलं तर हातात देऊ नये. मी एम.एस्सी. झालेली बाई आहे. मी रेवाला छातीशी इतकी घट्ट आवळते की तिचं हाडन्‌हाड मला लागतं. अप्पांचे हात तसेच पुढं आहेत. बोटांची टोकं तपकिरी आहेत. शिंगराची नाळ टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवतात, तेव्हा हात लावला की बोटं अशी होतात. हंगामात त्यांची बोटं नेहमी अशीच असायची, आणि जेवताना वास यायचा.

"नाही देणार," मी म्हणते.

मला वाटलं होतं ते रागावतील. ते हात मागं घेतात. "आईनं चांगलं शिकवलंय तुला. नको देऊस. घेऊन चल मग."

मला जायचं नाहीये. पण मी चालतेय. बेडरूमच्या बाहेर आमचा बोळ आहे, त्याच्या टोकाला हॉल, हॉलमध्ये सासूबाईंची मालिका चालू आहे, आवाज येतोय. बोळ संपत नाही. दोन्ही बाजूंना तबेल्याची दारं आहेत, खालची अर्धी बंद, वरची अर्धी उघडी. अप्पा पुढं चाललेत आणि प्रत्येक दाराशी थोडे थांबतात, मालक सोबत असल्यासारखे.

पहिल्या दारातून मी आत बघते. आत आई उभी आहे. मान खाली, एक पाय सैल सोडलेला, घोडे दुपारचे उभ्याउभ्या पेंगतात तशी.

"अप्पा, आई जिवंत आहे," मी म्हणते. माझा आवाज चिरकतो.

"आहेच की. ओळीत सगळ्याच असतात. जिवंत काय, मेलेल्या काय."

दुसऱ्या दारात आजी आहे, आईची आई. मी शाळेत असताना गेली. पदर डोक्यावरून घेतलेला, तोंड संथपणे चालतंय, काहीतरी चघळतेय. मला ओळखत नाही. तिसऱ्या दारात जी बाई आहे ती मी कधी बघितलेली नाही. बारीक, काळीसावळी, नऊवारी नेसलेली, हनुवटीवर गोंदणाचे हिरवे ठिपके. ती मान खाली घालून उभी नाही. ती सरळ माझ्या कडेवरच्या रेवाकडे बघतेय. तिच्या पायाशी पेंढ्यात दोन गाठोडी आहेत, लहान, शेजारी शेजारी ठेवलेली. एका गाठोड्यातून पाऊल बाहेर आलंय.

मी नजर काढून घेते.

"ही तुझ्या आजीची आई," अप्पा म्हणतात. "श्रीगोंद्याच्या बाजूला दिलेली. अनसूया म्हणायचे."

मी काही विचारायच्या आत आम्ही माझ्या लग्नाच्या कार्यालयात आहोत. फुलांचा आणि मसालेभाताचा वास येतोय. खुर्च्यांवर सगळे पाहुणे बसलेत, पण तोंडं स्टेजकडे नाहीत, ती भिंतीकडे आहेत, आणि भिंतीच्या जागी कुंपण आहे, पलीकडे हिरवळ. कुणीतरी अक्षता टाकतं. तांदूळ रेवाच्या केसांत पडतात. मी ते काढत चालते, काढते तेवढे परत दिसतात. मला कुणीतरी थांबवायला हवं आहे, आणि इतक्या ओळखीच्या माणसांमधून एकही जण वळून बघत नाही.

स्टेजच्या मागं दुसरा बोळ आहे. तशीच दारं. पहिल्या दारात सासूबाई, हातात रिमोट, डोळे मिटलेले. दुसऱ्या दारात त्यांची आई. ती मला फोटोतूनच माहीत आहे, म्हणून तिच्या गळ्यात फोटोचा चंदनी हार आहे. तिसऱ्या दाराशी अप्पा बाजूला होतात आणि मला पुढं करतात.

हनुवटीवर हिरवे ठिपके. तीच नजर. पायाशी तीच दोन गाठोडी.

"ही पार्वती," अप्पा म्हणतात. "विक्रांतच्या आजीची आई. इंदापूरकडं दिलेली."

"ही तर आत्ताचीच आहे."

"हो," ते म्हणतात आणि डोक्यावरची हॅट काढतात. आजारपणात केस गेले होते, तसंच डोकं. "दोन दारं, बाई एक."

मग ते मला सांगतात, एखादी घोडी या स्टडमधून त्या स्टडमध्ये कशी गेली हे सांगायचे त्याच सुरात, कुठं न थांबता. बाई आधी इंदापूरकडं दिली. सासरी नाव ठेवलं पार्वती. एक मुलगी, दोन मुलगे झाले. एक वरातीचा बँड वाजला तेव्हा तिच्या कडेवरच गेला, दुसरा वीज कडाडली तेव्हा. रडलेसुद्धा नाहीत. लोक म्हणाले, ही पोरं खाते. मुलगी ठेवून घेतली आणि हिला माहेरी घालवून दिलं. माहेरच्यांनी गाजावाजा न करता दुसरं लग्न लावलं, पाट, दुसऱ्या तालुक्यात, जिथं कुणाला काही ठाऊक नव्हतं. तिथं नाव ठेवलं अनसूया. इंदापूरच्या घरानं तिचं नाव टाकलं, श्रीगोंद्याच्या घराला आधीचं नाव कधी कळलंच नाही. ठेवून घेतलेली मुलगी म्हणजे विक्रांतची आजी. श्रीगोंद्याला नंतर झालेली, ती माझी.

"घोडीचं नाव एकदा लागलं की मरेपर्यंत तेच, केतू," अप्पा म्हणतात. "मालक बदलू दे, देश बदलू दे. बाईचं दर उंबऱ्याला बदलतं. मग कुणाला सापडायची ती?"

"तुम्ही शोधली होती?"

ते हॅट हातात फिरवतात. "नाही. तुला म्हटलं विचार. मी स्वतः तुझ्या आईला कधी विचारलं नाही, तुझी आजी कुठली म्हणून. संसार केला तिच्याबरोबर, आणि एवढं विचारलं नाही. घोड्यांचंच विचारत राहिलो." थोडं थांबून म्हणतात, "इकडं आल्यावर भेटली. इकडं सगळ्या माहेरच्या नावानं असतात. सोना म्हणतात हिला."

ती बाई आपलं नाव ऐकून कान टवकारते. खरंच टवकारते, मी बघते, पदराखाली काहीतरी हलतं.

"चारावर चार," अप्पा पुटपुटतात.

हे मला कळतं, घरात ऐकतच मोठी झाले मी. शिंगराच्या बापाकडून मागं चौथ्या पिढीत जी घोडी, तीच आईकडूनही चौथ्या पिढीत. एकच घोडी दोन्ही ओळींत. मालक अशा जुगणीसाठी हटून बसायचे.

"मी स्वतः सुचवलंय कितीदा," ते म्हणतात. "चांगल्या घोडीवर. जे असतं ते दुणावतं. वेग असेल तर वेग."

"आणि दुसरं काही असेल तर?"

अप्पा गाठोड्यांकडे बघतात.

मी मागं वळते, परत जायला, बेडरूमकडे. मागं दार आहे, लोखंडी, अरुंद. ते बंद होतं. समोरही दार आहे, जाळीचं. दोन्ही बाजूंना फळ्यांपलीकडे घोड्यांचे श्वास, गरम, मोठे, आणि खालून वाळूत खूर आपटल्याचा आवाज. मला माहीत आहे ही जागा कुठली. शर्यत सुटते ती इथून. घोडे कोंडतात, सगळे आत आले की क्षणभर शांतता होते, आणि मग सगळी दारं एकदम उघडतात, खाडकन. लहानपणी मी कानावर हात ठेवायचे.

रेवा माझ्या कडेवर झोपली आहे. पापण्या फडफडताहेत.

"अप्पा, आवाज होईल."

"होणारच."

"ती घाबरेल. तिला सहन होत नाही. मी घरात बेलसुद्धा ठेवलेली नाही."

"बेल काढलीस. आभाळ काढशील का?" ते म्हणतात, पण टोचून नाही. ते जाळीच्या पलीकडे उभे आहेत, हॅट कुठंतरी पडली आहे. आणि आता पहिल्यांदा ते रेवाच्या तोंडाकडे बघतात. जाळीला कपाळ लावून बघतात. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, सगळे घोडे तेवढा वेळ श्वास धरून आहेत. "नाक तुझ्या आईचं आहे," ते शेवटी म्हणतात. "कान माझे. वाईट झालं." आणि त्यांच्या ओठांवर हसू येतं, आणि मला कळतं की ते सुरुवातीपासून घाबरलेले आहेत. माझ्याहून जास्त घाबरलेले आहेत.

जाळीतून त्यांचा हात आत येतो. मी देत नाही तिला, पण मागंही घेत नाही. ते तिच्या जबड्याखाली बोट टेकवतात. घोड्याची नाडी तिथंच बघतात. त्यांचं तोंड बदलत जातं. हे तोंड मी एकदा बघितलं आहे, एका फार्मवर, नुकतंच उभं राहिलेलं शिंगरू होतं, आणि अप्पांनी मला म्हटलं होतं, जा बाळा, गाडीत जाऊन बस.

"काय आहे, अप्पा?"

"धावतं. मग थांबतं. मग परत धावतं."

"थांबतं म्हणजे?"

"म्हणजे तू झोपू नकोस." शर्यत सोडणारा माणूस उंचावरच्या त्याच्या जागेकडे शिडी चढतोय, तो दिसत नाही, फक्त पायऱ्या वाजतात. अप्पा वळतात, जाळीच्या दाराला पाठ लावतात, दोन्ही हातांनी बाजूचे खांब धरतात. निळ्या स्लीपर वाळूत सरकतात, ते परत रोवतात. म्हातारा माणूस, आजारानं वाळलेला, सगळं वजन दारावर. "मी धरतो हे," ते म्हणतात. "फार वेळ नाही धरवणार मला. तू ऊठ आधी."

मी उठू शकत नाही. मी उभी आहे, मग उठू कशी? हात हलत नाही, जीभ हलत नाही. मला पलंग दिसतो, पलंगावर मी दिसते, माझ्या हाताखाली रेवा, आणि तिथपर्यंत पोचता येत नाही. जाळी थरथरायला लागते. अप्पांच्या तोंडून हुंकार निघतो, ओझं उचलताना निघतो तसा. मी ओरडतेय आणि आवाज नाही. मला वाटतं, संपलं.

मग मागून माझ्या पाठीला ढुसणी बसते. कपाळाची, कडक. घोडी नुकत्याच पडलेल्या शिंगराला उभं राहायला लावते तशी. मी मान वळवू शकत नाही, पण खांद्यावरून मला हनुवटी दिसते, हिरवे ठिपके. ती परत ढुसणी देते, जोरात.

मी पलंगावर उठून बसते.

मशीन थांबलं आहे. खोलीत ऊन आहे. हॉलमध्ये मालिकेतलं कुणीतरी रडतंय. रेवा माझ्या हाताखाली झोपली आहे, तोंड उघडं, केस घामानं चिकटलेले. मी स्वतःला म्हणते, स्वप्न, बाई, स्वप्न. तिला उशीवर सरळ करायला मी तिची मान वळवते.

जबड्याखाली तपकिरी डाग आहे. गोल. बोटाच्या टोकाएवढा, आणि त्यात बोटावरच्या रेषा आहेत. मी जवळ जाऊन वास घेते. टिंक्चर आयोडिन. आमच्या घरात ते नाही. कधीच नव्हतं, मला तो वास सहन होत नाही, अप्पा गेल्यापासून तर नाहीच.

मी माझं बोट बरोबर त्या डागावर ठेवते. खाली तिची नाडी आहे, बारीक, भराभर. धावतेय. धावतेय. आणि मग बोटाखाली काहीच नाही. मी श्वास घेत नाही. काहीच नाही. मग एक ठोका, मोठा, आतून कुणी दार लोटावं तसा, आणि परत धावायला लागते.

सासूबाई दारात आल्या आहेत. कपडे काढू का विचारायला आल्या होत्या. त्यांना डाग दिसतो. "हे काय लागलंय पोरीला?"

मी म्हणते, "मम्मी, तुमच्या आजीचं नाव काय होतं? आईच्या आईचं."

त्या पलंगाच्या कडेला बसतात. "पार्वती," म्हणतात. "घरात घ्यायचे नाहीत तिचं नाव. दोन पोरं खाल्ली म्हणून घालवून दिली तिला. माझ्या आईला तिचं तोंडसुद्धा आठवत नव्हतं." आणि मग, "तुला कुणी सांगितलं?"

मी सांगितलं नाही. डागही पुसला नाही. मी फक्त त्यांचं बोट धरून तिथं ठेवलं. ज्या बाईनं माझ्या बेलची इतकी टिंगल केली, तिनं रेवाला स्वतः उचललं, पायात चपला न घालता, आणि खाली जाऊन वॉचमनला दम दिला की गेट हळू उघड.

आम्ही मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो. छातीला वायरी लावल्या, दिवसरात्र लावून ठेवल्या. त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं की ठोक्याची लय दचकल्यावर तुटते, हे जन्मापासून आहे, घराण्यातून येतं, आणि बहुतेक दोन्हीकडून आलं आहे. कुणाच्या बाजूला असं कुणी गेलंय का, त्यांनी विचारलं. विक्रांत नाही म्हणायला तोंड उघडत होता. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या." मी म्हटलं, "माझ्याही." रेवाला आता सकाळ-संध्याकाळ औषध आहे. ती बागेत पळते. मी तिच्या मागं पळते. डाग हळूहळू फिका होत गेला, आणि तो जाईपर्यंत मी तिच्या मानेला साबण लावला नाही.

मग मी आईला फोन करून विचारलं, अनसूयेला माझी आजी एकटीच मुलगी होती का. आई म्हणाली, नाही, एक धाकटी होती. तिला बार्शीकडं दिली होती. बाळंतपणात गेली, मुलं मागं राहिली, आणि मग येणं-जाणं तुटलं. सासरी तिचं नाव काय ठेवलं होतं ते आमच्याकडं कुणालाच माहीत नाही. आडनावही नाही. माहेरचं नाव द्वारका होतं, एवढंच आईला आठवतं. मी बार्शीला दोनदा जाऊन आले. द्वारका म्हटल्यावर लोक विचारतात, कुणाची? आणि तिथंच सगळं संपतं.

म्हणून हे लिहिते आहे. द्वारकेची मुलं म्हातारी झाली असतील किंवा गेली असतील. त्यांची नातवंडं, पतवंडं कुठंही असतील, पुण्यात, सोलापुरात, तुमच्या मजल्यावर, तुमच्याच घरात. त्यांना स्वतःला हे नाव माहीतही नसेल. तुमच्या ओळखीत असं एखादं पोर आहे का, जे ताट पडलं, फटाका वाजला की न रडता खाली बसतं, आणि घरचे म्हणतात, भित्रं आहे, नाटकी आहे, मोठं झालं की जाईल? त्याची आई वेडी नाही. तिला जाऊन भेटा. आणि पोर झोपलं असेल तर उठवू नका, जबड्याखाली हलकेच बोट टेकवा, आणि ठोका चुकतोय का ते बघा. उद्यावर टाकू नका. आत्ता जा.